जीटर बोलला, पण किती?

मागच्या अंकात एका बाईंनी विचारलं होतं, "सुट्टीत नातू येतोय, बारा वर्षांचा आहे. दोघांनी मिळून बघण्यासारखं काही सुचवा." मी 'द कॅप्टन' सुचवली. न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) डेरेक जीटर याच्यावरची ईएसपीएनची २०२२ सालची माहितीपट मालिका, सात भाग, दिग्दर्शक रँडी विल्किन्स. वाटलं, चार घरं बघतील आणि विसरतील. पण पत्रं इतकी आली की 'भगर चिकट का होते' या प्रश्नाचा आजवरचा विक्रम मोडला. निम्मी पत्रं तर चक्क रागावलेली आहेत. म्हणून या वेळचं अख्खं सदर जीटरला. भगरवाल्यांनी महिनाभर कळ काढावी.

नवीन वाचकांसाठी सांगते. मी मूळची अमरावतीची. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायची, जागा शॉर्टस्टॉप. १९९६ च्या मार्चमध्ये लग्न होऊन जर्सी सिटीला आले, दोन वर्षांनी एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत लागले आणि पुढची बावीस वर्षं रात्रपाळी केली. टेबलावर एका बाजूला सेंट्रिफ्यूज, दुसऱ्या बाजूला रेडिओ. जीटरचा पहिला पूर्ण सीझन आणि माझा अमेरिकेतला पहिला उन्हाळा एकच. तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न: ताई, तुमच्या भरवशावर सातही भाग बघितले. हा माणूस बोलतो खूप, पण सांगत काहीच नाही. मायकेल जॉर्डनवरची मालिका बघितली होती, त्यात कशी भांडणं, शिव्या, रडारड! इथे पाहुण्याला दिवाणखाना दाखवला, सरबत दिलं आणि दारातून वाटेला लावलं. तुम्हाला यात काय एवढं दिसलं? (एक आजोबा, मूळ पुणे, मुक्काम एडिसन)

आजोबा, दिवाणखान्याचं म्हणणं मान्य. जॉर्डनच्या मालिकेचं भांडवलच वेगळं होतं. १९९७-९८ चा पूर्ण सीझन कॅमेरावाले संघाबरोबर फिरले होते आणि ते चित्रण वीसेक वर्षं कपाटात पडून होतं. जीटरच्या कपाटात तसलं काही नाही. न्यूयॉर्कसारख्या शहरात, जिथे सकाळच्या पेपरचं मागचं पान खेळाडूला सोलायलाच असतं, तिथे हा माणूस वीस सीझन खेळला आणि हातचं राखूनच बोलला. सामना जिंकला तरी तेच वाक्य, हरला तरी तेच. वीस वर्षांची सवय सात भागांत सुटावी असं तुम्हाला वाटत होतं. मला तशी आशाच नव्हती, म्हणून माझी निराशाही झाली नाही.

पण दिवाणखान्यातसुद्धा नीट बघितलं की घर कळतं. हा मनुष्य विजयांबद्दल बोलतो तेव्हा खरंच कंटाळवाणा आहे. पाच वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अजिंक्यपदं, जिंकला, १९९६, १९९८, १९९९, २००० आणि २००९, आणि त्या ऐकताना जांभई येते. कुणी दुखावलं हे सांगायला लागला की मात्र पाठ ताठ होते. २०१० साली त्याची फलंदाजी घसरली होती, वय छत्तीस, करार संपलेला. तेव्हा जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमन पेपरवाल्यांसमोर म्हणाले की त्यानं बाजारात जाऊन दुसरीकडे काय मिळतं ते बघावं. शेवटी तीन वर्षांचे ५१ दशलक्ष डॉलर मिळाले, म्हणजे उपाशी राहिला नाही. पण ही गोष्ट चारचौघांत बोलली गेली, हे त्याला अजून गिळवलेलं नाही.

माझी एक आत्या होती. एका लग्नात कुणीतरी तिचा आहेर परत केला होता. तो मनुष्य पुढे तीस वर्षं दिवाळीला घरी यायचा. आत्या त्याला चहा द्यायची, साखर किती विचारायची, चकली वाढायची, आणि एकदाही नावानं हाक मारायची नाही. जीटर पडद्यावर बोलत होता आणि मला आत्या दिसत होती. डूख धरणारा माणूस, पण घरंदाज. तुम्ही भांडणं शोधत होतात, आजोबा. ती आहेत, फक्त आवाज चढलेला नाही.

प्रश्न: एका मासिकातल्या चार वाक्यांवरून जिवलग मित्र तोडायचा? मला हा प्रकार बालिश वाटला. ए-रॉडचीच दया आली. (एक वाचक, सॅन होजे)

ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ (तोच ए-रॉड) आणि जीटर, दोघंही शॉर्टस्टॉप, वयात वर्षाचं अंतर, एकमेकांच्या घरी मुक्कामाला असायचे. डिसेंबर २००० मध्ये रॉड्रिगेझला टेक्सास संघाकडून दहा वर्षांचे २५२ दशलक्ष डॉलर मिळाले. त्यानंतरच्या वसंतात 'एस्क्वायर' मासिकाला मुलाखत देताना तो म्हणून गेला की जीटरच्या आजूबाजूला कायम मोठे खेळाडू राहिले, संघ ओढायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही, समोरचा संघ काही त्याच्या नावानं घाबरत नाही. झालं. आणि नियतीचा खोडसाळपणा बघा, फेब्रुवारी २००४ मध्ये हाच रॉड्रिगेझ यँकीजमध्ये दाखल. दोन शॉर्टस्टॉप, जागा एक. पाठोपाठ दोन वर्षं गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, घेतलेला रॉड्रिगेझ निमूट तिसऱ्या बेसवर सरकला. जीटरनं जागा सोडली नाही.

बालिश? त्या वर्षी मी पूर्ण जीटरच्या बाजूनं होते. अमरावतीला आमच्या संघातली पिचर आणि मी, एका ताटात जेवायचो. विद्यापीठाच्या स्पर्धेत हरलो आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात छापून आलं, 'शॉर्टस्टॉपच्या चुका भोवल्या'. बातमीदाराला हे कुणी सांगितलं ते मला चहाच्या टपरीवरच कळलं. अकरा वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. मग एका मुंजीत समोर आली, गळ्यात पडली, म्हणाली, "अगं, कुठं होतीस इतकी वर्षं?" तिला त्या बातमीची आठवणच नव्हती! मी अकरा वर्षं जो निखारा फुंकून फुंकून पेटता ठेवला, त्याचा तिकडे धूरसुद्धा पोचला नव्हता.

म्हणून मालिकेत रॉड्रिगेझ येतो आणि आपल्या त्या बोलण्याबद्दल खजील होतो, तेव्हा मला तुमच्यासारखीच त्याची दया येते. पण जीटरचंही चुकतं असं म्हणवत नाही. परक्यानं म्हटलं असतं तर त्यानं कान झाडले असते. मित्र म्हणाला. दोघांनी २००९ ची वर्ल्ड सिरीज शेजारी शेजारी उभं राहून जिंकली, हे मला त्या सगळ्यात जास्त नवलाचं वाटतं. बोलाचाली असो नसो, शॉर्टस्टॉप आणि तिसरा बेस यांच्या मधून जाणारा चेंडू कुणी घ्यायचा हे तर रोज ठरवावंच लागतं.

प्रश्न: क्रिकेटवाल्याची शंका. बेसबॉलमध्ये टॉस नाही, फील्डिंग मॅनेजर लावतो, गोलंदाजही तोच बदलतो. मग कॅप्टन करतो काय? (एक वाचक, ठाणे)

फार सुंदर प्रश्न. उत्तर: काही नाही. घरातल्या थोरल्या सुनेसारखं पद आहे. अधिकार शून्य, वेगळा पगार नाही, आणि काही बिनसलं की सगळे तिच्याकडे बघतात.

बहुतेक संघांना कॅप्टनच नसतो. यँकीजमध्ये मात्र त्याचं सोवळं फार. लू गेरिगनंतर हे पद कुणालाच द्यायचं नाही असं ठरलं होतं, ते १९७६ साली थर्मन मन्सनसाठी मोडलं, आणि तीनच वर्षांत मन्सन स्वतःचं विमान उतरवताना अपघातात गेला. डॉन मॅटिंगली १९९५ ला थांबला, मग पुन्हा जागा रिकामी. जीटर कॅप्टन झाला ३ जून २००३ ला, तेही घरच्या मैदानावर नाही, सिनसिनाटीच्या दौऱ्यात. गंमत म्हणजे त्याच्या सहा महिने आधी मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी 'पोरगा रात्री फार उशिरापर्यंत बाहेर असतो' अशी जाहीर कानउघाडणी केली होती. पुढे त्याच भांडणावर दोघांनी मिळून क्रेडिट कार्डाची जाहिरात केली. जीटर २०१४ ला निवृत्त झाल्यावर आठ वर्षं पुन्हा कुणी नाही, डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅरन जज. एवढंच.

प्रश्न: त्याच्या प्रेमप्रकरणांबद्दल इतकं त्रोटक का? (नाव नको, टोरांटो)

कारण त्याला सांगायचं नव्हतं. पुढचा प्रश्न.

प्रश्न: माझा मुलगा लिटल लीगमध्ये खेळतो. आम्ही भक्तिभावानं मालिका लावली, तर तो म्हणतो, "आई, जीटर ओव्हररेटेड आहे, त्याची फील्डिंग वाईट होती, कॉम्प्युटरनं सिद्ध केलंय." हे खरं आहे का? मी त्याला काय सांगू? (एक आई, शिकागोजवळ)

त्याला सांगा, शाब्बास. पोरगं बरोबर बोलतंय.

जीटरकडे पाच गोल्ड ग्लव्ह आहेत. पण ते त्या काळी प्रशिक्षक आणि मॅनेजर मतं देऊन ठरवायचे, आणि माणसाचा डोळा जे सुबक दिसतं त्याला भुलतो. नंतर प्रत्येक चेंडू कुठे पडला, किती वेगानं गेला, दुसऱ्या शॉर्टस्टॉपनी तो अडवला असता का, याचा हिशोब लागायला लागला. त्या हिशोबात जीटर त्याच्या काळातल्या सगळ्यात कमकुवत शॉर्टस्टॉपमध्ये जातो. हातात आलेला चेंडू तो सोडायचा नाही. प्रश्न हातात किती यायचे हा होता. मी स्वतः त्या जागेवर खेळलेली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती पट्टी, उजव्या हाताच्या फलंदाजानं ओढून मारलेलं सगळं तिथेच येतं. तिथे पहिलं अर्धं पाऊल उशिरा पडलं की पुढचं सगळं धावणं फुकट. लोकांना फक्त झेप दिसते. जो वेळेवर हलला त्याला झेप घ्यावीच लागत नाही, म्हणून त्याला टाळ्याही नाहीत.

मुलाला हेही सांगा की १९९३ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, ग्रीन्सबरोच्या कनिष्ठ संघात जीटरनं १२६ सामन्यांत ५६ चुका केल्या होत्या. छप्पन! आमच्याकडे असं पोर तिसऱ्या आठवड्यात राखीव खेळाडूंत गेलं असतं.

आता त्याच्याशी वाद घालायचा असेल तर एकच चित्रफीत लावा. १३ ऑक्टोबर २००१, ओकलंड. पाच सामन्यांची मालिका, यँकीज पहिले दोन्ही घरी हरलेले, हा गेला की कारभार आटोपला. सातवी इनिंग, यँकीज १-० पुढे. पहिल्या बेसवर जेरेमी जिआंबी. फटका उजव्या कोपऱ्यात जातो. जिआंबी धावत सुटतो. उजव्या कोपऱ्यातून शेन स्पेन्सर थ्रो करतो, तो इतका उंच की मध्ये झेलायला उभे असलेले दोन्ही खेळाडू डोक्यावरून जाणारा चेंडू बघतच राहतात. चेंडू पहिल्या बेसच्या रेषेलगत टप्पे खात, दमत दमत होम प्लेटकडे येतोय आणि तिथे कुणीच नाही.

आणि डाव्या बाजूचा माणूस, ज्याचा या रेषेशी काही संबंध नाही, तो आख्खं मैदान आडवं कापून तिथे पोचतो. धावता धावताच चेंडू दोन्ही हातांनी उचलतो. थांबून वळायला वेळ नाही, कारण त्याचा वेग त्याला मैदानाबाहेर नेतोय. म्हणून अंगाबाहेरून, भाकरी तव्यावर टाकावी तसा, उजव्या हातानं मागे सोडून देतो. कॅचर होर्हे पोसाडा झेलतो आणि जिआंबीच्या पोटरीला लावतो. जिआंबी घसरला नाही, उभ्यानं आला. घसरला असता तर? ओकलंडवाले पंचवीस वर्षं हेच म्हणतायत. सामना १-० राहिला आणि यँकीजनी पुढचे दोन्ही जिंकले.

कॉम्प्युटरच्या कुठल्या रकान्यात हे घालायचं ते तुमच्या मुलाला विचारा. तो सांगेल, एकाच रकान्यात, एकदाच. आणि त्याचं बरोबरच असेल. पण तोवर त्यानं ती दहा वेळा परत लावलेली असेल.

प्रश्न: मी मराठी, माझे यजमान कृष्णवर्णीय अमेरिकन. सगळे ए-रॉडबद्दल बोलतात. मी पहिल्या भागांतच अडकले, त्याच्या आईवडिलांपाशी. (एक वाचक, अटलांटा)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चार्ल्स आणि डॉरोथी जीटर दोघंही सैन्यात होते, जर्मनीत भेटले. वडील काळे, आई गोरी, आयरिश वळणाची. संसार मिशिगनमधल्या कॅलमझू गावात. जोडीकडे वळून बघणारे लोक, पोराला 'तू नक्की कोण' असं विचारणारे लोक, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. न्यूयॉर्कमध्ये असताना जीटर यावर जवळजवळ बोलायचाच नाही. इथे बोलतो, आणि आईवडील शेजारून ते पुरं करतात.

मला त्यातला करारनामा फार आवडला. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी वडील कागद तयार करायचे: अभ्यास, घरी यायची वेळ, दारू नाही, ड्रग्ज नाही, मोठ्यांशी आदरानं वागणं. पोरानं वाचायचा, सही करायची. अट मोडली की खेळ बंद, मग सामना कितीही मोठा असो. वडील स्वतः नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात शॉर्टस्टॉप खेळलेले, पुढे व्यसनमुक्तीचे समुपदेशक झाले. लहानपणी सोंगट्यांच्या डावातही मुलाला मुद्दाम जिंकू द्यायचे नाहीत. आमच्याकडे करार तोंडी असायचा आणि एकतर्फी. माझ्या मुलीनं मालिका बघून विचारलं, "आई, तू कधी कागद का नाही दाखवलास?" मी म्हटलं, दाखवला असता तर तू त्यात दुरुस्त्या सुचवल्या असत्या.

१९९२ मध्ये यँकीजनी सहाव्या क्रमांकावर निवडलेला हा मुलगा, अठरा वर्षांचा, टँपाला कनिष्ठ संघात गेला आणि रोज रात्री खोलीत रडायचा. पाच वेळा फलंदाजीला गेला तर एकदा यश, अशी अवस्था. घरी फोनवर फोन, बिलं भरमसाट. माझं पहिलं वर्ष आठवलं. तेव्हा भारतात बोलायला कार्ड घासावं लागायचं आणि "बरी आहेस ना?" यातच अर्धी मिनिटं जायची. मी आईला कधी सांगितलं नाही की मी रडते. यानं सांगितलं. यश कुणाच्या पदरी का पडतं याची कारणं शोधणाऱ्यांनी हे एक टिपून ठेवावं.

प्रश्न: २००१ च्या शरद ऋतूचा भाग मी अर्ध्यात बंद केला. तुम्ही तर नदीपलीकडेच होतात. तुम्ही पूर्ण बघितलात? (एक वाचक, होबोकन)

बघितला. दोन दिवस लावून.

११ सप्टेंबरला मी रात्रपाळी संपवून घरी येऊन झोपले होते. दुपारी बोलावून घेतलं. रक्तपेढीबाहेर रांग कोपऱ्यावरून वळून पुढच्या रस्त्याला लागलेली. बांधकामावरचे मजूर, वकील, शाळेतल्या बाया, सगळे बाही वर करून उभे. आम्ही पिशव्या भरत होतो आणि नदीपलीकडून जखमी यायची वाट बघत होतो. फार थोडे आले. जे गेले ते गेले होते. रक्त लागलंच नाही. पण लोक येत राहिले, आठवडा, दोन आठवडे. 'नको' कसं म्हणणार?

लाल पेशी बेचाळीस दिवस टिकतात. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज हल्ल्यामुळे लांबली होती. ३० ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष बुश पहिला चेंडू टाकायला आले, आणि आत सराव करताना जीटरनं त्यांना बजावलं की मागे उंचवट्यावरूनच टाका, टप्पा पडू देऊ नका, नाहीतर लोक हुर्यो करतील. ३१ ऑक्टोबरच्या रात्री मी कामावर. १९ सप्टेंबरला घेतलेल्या पिशव्यांची मुदत त्या मध्यरात्री संपत होती. मी शीतकपाटातून एकेक काढायची, लेबल वाचायची, नोंदवहीत लिहायची आणि टाकायच्या पेटीत ठेवायची. रेडिओवर सामना. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना टिनो मार्टिनेझनं बरोबरी साधली. मग बाराचे ठोके पडले. बेसबॉलच्या मोठ्या लीगचा सामना नोव्हेंबरमध्ये गेला तो तेव्हा पहिल्यांदा. दोन-चारच मिनिटांत, दहाव्या इनिंगमध्ये, दोन बाद, तीन बॉल, दोन स्ट्राइक, अ‍ॅरिझोनाच्या ब्युंग-ह्युन किमच्या चेंडूवर जीटरचा होमरन, उजव्या कुंपणाच्या जेमतेम पलीकडे. सामना संपला. कॉरिडॉरमध्ये सफाईवाला ओरडला, वरच्या मजल्यावर कुणीतरी पाय आपटले. माझ्या हातात पिशवी होती. मी ती खाली ठेवली, थोडा वेळ उभी राहिले आणि पुढची उचलली.

यँकीज शेवटी हरले. ४ नोव्हेंबर, अ‍ॅरिझोनात सातवा सामना, शेवटची इनिंग, यँकीजच्या मारियानो रिवेराचा चेंडू लुईस गोन्झालेझच्या बॅटीला नीट लागलाही नाही. आत सरकून उभ्या असलेल्या जीटरच्या डोक्यावरून जाऊन मागे गवतात टपकला. तो नेहमीच्या जागेवर असता तर झेल होता. माझ्या मुलीच्या वर्गात दुसऱ्या दिवशी बाईंनी गृहपाठ दिला नाही.

तुम्ही तो भाग बंदच ठेवा, हरकत नाही.

प्रश्न: बेसबॉलच्या थोरांत, म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये, घेताना जीटरला ३९७ पैकी ३९६ मतं. तो एक कोण? (अनेक वाचक)

मतपत्रिका जाहीर करायची सक्ती नव्हती. पत्रकारच मतदार, त्यातला एक. आदल्याच वर्षी रिवेराला ४२५ पैकी ४२५ मिळाली होती, म्हणून हे जास्त टोचतं. २०२५ मध्ये जपानी खेळाडू इचिरोचंही एकाच मतानं हुकलं, तेव्हा निदान सोबत मिळाली. आणि खरं सांगू? ज्या माणसाला असल्या गोष्टी तीस वर्षं लक्षात राहतात, त्याला ती एक फट पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांना पुरेल.

प्रश्न: जीटर म्हणजे अमेरिकेचा सचिन म्हणायचं का? (बाप-लेक, दादर)

वयं जुळतात, सचिन एप्रिल १९७३ चा, हा जून १९७४ चा. निवृत्तीही दहा महिन्यांच्या अंतरानं. पण आकड्यांत जीटर तसा नव्हे. ३,४६५ हिट्स ही मोठीच गोष्ट, मात्र होमरन फक्त २६०, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब एकदाही नाही. मला तो अर्धा द्रविड वाटतो. रोज यायचं, चोख कपड्यांत उभं राहायचं, तोंडातून वावगं काढायचं नाही. उरलेला अर्धा माझी आत्या.

प्रश्न: ताई, सात भाग बघायला वेळ नाही. एकच प्रसंग बघायचा तर कुठला? (एक वाचक, नागपूर)

२५ सप्टेंबर २०१४, घरचा शेवटचा सामना. शेवटच्या इनिंगमध्ये यँकीजनी आघाडी घालवली, म्हणून जीटरला आणखी एकदा फलंदाजीला यावं लागलं. पहिल्याच चेंडूवर त्यानं उजवीकडे हिट मारली आणि सामना संपला. हे सगळ्यांनी बघितलंय. तुम्ही त्याच्या आधीचे पाच सेकंद ऐका. यँकी स्टेडियममध्ये खेळाडूचं नाव पुकारणारे बॉब शेपर्ड, पेशानं वक्तृत्वाचे शिक्षक, १९५१ पासून त्या माइकवर होते. जीटरला तो आवाज इतका प्रिय की शेपर्ड आजारी पडल्यावर त्यानं आपल्या नावाची ध्वनिफीत मागून घेतली आणि पुढे घरच्या मैदानावर प्रत्येक वेळी तीच वाजली. शेपर्ड २०१० मध्ये गेले. त्या रात्रीही त्यांनीच पुकारलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून: नंबर टू, डेरेक जीटर, नंबर टू.

भगरीचे प्रश्न पुढच्या अंकात. पाणी आधी उकळून घेता की नाही, तेवढं पत्रात लिहा.